बंदीत मांजराचं पिल्लू आणताय? आधी एवढं वाचा



१६ जूनपासून मासेमारी बंद झाली. १५ ऑगस्टपर्यंत जाळी पाण्यात नाहीत, घरात पडून आहेत. जाळ्याला माशाचा वास, त्यामुळे उंदीर येणारच. एका रात्रीत चार-पाच ठिकाणी भोकं पाडतात आणि आपण बंदीचे दिवस विणण्यात घालवतो. म्हणून निसरपूरपासून नेमावरपर्यंत आपल्या बऱ्याच घरांत या दिवसांत मांजराचं पिल्लू येतं. मुलंही खूश होतात. पण यातली किती पिल्लं पुढच्या बंदीपर्यंत जगतात, हे प्रत्येकानं आपल्याच घरात आठवून बघावं.

माझ्या घरचंच सांगतो. आम्ही एक पिल्लू आणलं होतं. मासेवाल्याचं घर, मग खायला काय, तर कच्चे मासे. मासे साफ करताना निघालेलं पोट, डोकी, कल्ले, सगळं त्याला. महिना-दीड महिन्यानं ते चालताना डुलायला लागलं, मान छातीकडे वाकवून बसायला लागलं. आम्हाला वाटलं, कुठून तरी पडलं असेल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कच्चा मासा देता का?" इंजेक्शनं दिली, बरं झालं. पण डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर केला असता तर हाती लागलं नसतं.

कारण समजून घ्या. कार्प जातीच्या माशांत, खास करून आपल्या कॉमन कार्पमध्ये, असा एक पदार्थ असतो की तो बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. मांजराला हे जीवनसत्त्व भरपूर लागतं. रोज कच्चा मासा मिळाला की आधी भूक जाते, मग तोल जातो, शेवटी झटके येतात. मासा शिजवला की तो पदार्थ मरतो. म्हणजे उपाय अगदी सोपा आहे: मासा उकडून, काटे काढून द्या.

खायला काय द्यावं

नुसता उकडलेला मासासुद्धा पुरत नाही. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं मांस घाला. थोडा भात चालेल, पण नुसत्या दूध-भातावर मांजर जगत नाही, त्याला मांसच लागतं. लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पाणी कायम भरलेलं ठेवा.

गाई-म्हशीच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब लागतात. कांदा-लसणाचा रस्सा त्यांना विषासारखा आहे. खारवलेली सुकी मासळीही नको.

आईपासून पिल्लू दोन महिन्यांच्या आत तोडू नका. तब्येत बरोबर आहे का, हे बघायला आपल्याकडे काटा आहेच. दर आठवड्याला पिल्लू टोपलीत ठेवून तोला. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. दोन महिन्यांचं पिल्लू पाऊण ते एक किलोच्या आसपास भरतं. वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल तर काहीतरी बिघडलं आहे, बाकी काही दिसलं नाही तरी.

जंत आणि लस

पोट फुगलेलं, अंग वाळलेलं, म्हणजे बहुतेक वेळा जंत. जंताचं औषध वजनावर असतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. लहानपणी दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा द्यावं लागतं.

दोन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, चार महिन्यांचं होईपर्यंत. ही लस उलट्या-जुलाबाच्या त्या आजारावर आहे, ज्यात धडधाकट पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. या आजाराचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो. म्हणून एखादं पिल्लू असं गेलं असेल, तर त्याच घरात लस न दिलेलं दुसरं लगेच आणू नका.

तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. ही पिल्लासाठी आहे तशीच आपल्या मुलांसाठीही आहे. मांजर चावलं किंवा नखानं रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

आपल्या घरातले धोके

१. उंदराचं औषध आणि मांजर एका घरात नको. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की मांजरही जातं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

२. गळ आणि नायलॉनचा धागा डब्यात बंद ठेवा. पिल्लू धागा गिळतं आणि आतडी कापली जातात. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

३. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. एका गोळीनंसुद्धा मांजर मरतं.

४. फरशीला फिनाईल लावलं तर ती पूर्ण सुकेपर्यंत पिल्लू बाहेर ठेवा. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका.

५. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्या कोणीतरी काढावी आणि हात साबणानं धुवावेत.

दवाखान्यात कधी न्यायचं

पिल्लानं दिवसभर काही खाल्लं नाही, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, तोंड उघडून श्वास घेतंय, मान वाकडी किंवा तोल जातोय, तर उद्यावर टाकू नका. पिल्लाच्या अंगात साठा नसतो.

१९६२ या नंबरवर फोन केला की पशुवैद्यकीय गाडीची चौकशी करता येते. धार आणि देवास दोन्हीकडच्यांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. गावच्या गुरांच्या दवाखान्यात मांजराची लस नेहमी असतेच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. दोन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी पिल्लं नेली तर गाडीभाडंही वाटून जाईल.

शेवटचं एक. मादी पिल्लू चार-सहा महिन्यांतच माजावर येतं आणि साधारण ६५ दिवसांत विते. पाच-सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. नाहीतर एका मांजरीची दहा होतात आणि मग कोणीतरी पिल्लं पोत्यात भरून घाटावर सोडून येतं. हे आपल्याला शोभत नाही.

जाळं राखायला आणलेला जीव आहे. त्याला दोन महिने आपण राखलं, तर पुढची कित्येक वर्षं तो आपलं जाळं राखेल.

तुमच्या घरी पिल्लू असेल तर ही माहिती घरातल्या बायकांना आणि मुलांना जरूर वाचून दाखवा. खरं तर तेच त्याला खायला घालतात.

आपला,
सचिव