पोस्टरवरचा चेहरा जपू या!

दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाचीने मला एक कॅलेंडर दिलं, जुन्या जपानी चित्रांचं. समोरच्या खोलीत लावलं. पहिल्याच पानावर रंगीत किमोनो घातलेली, उंच अंबाड्याची एक बाई. पुढच्या रविवारी बचत गटाच्या बैठकीला आमच्या गटातल्या मावशी आल्या आणि चित्रापुढेच थबकल्या. ‘‘बाई नोहोय जी ही, मानूस होय. गालफाडं पाहा ना!’’

मी चष्मा लावून खालची ओळ वाचली. खरंच की! सेगावा किकुनोजो तिसरा हा काबुकी नट, ‘ओशिझू’ या स्त्रीच्या भूमिकेत. चित्रकार शाराकू, साल १७९४.

मावशींनी ओळखलं यात नवल नव्हतं. आज बासष्ट वर्षांच्या असलेल्या मावशी एकेकाळी झाडीपट्टीच्या नटी होत्या. आपल्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं माहेरघर. पूर्वी दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. मावशींनी लहानपणी ते पाहिलेलं.

जपानातही तसंच. गंमत म्हणजे काबुकीची सुरुवात एका बाईनेच केली. १६०३ च्या सुमारास क्योटोत ओकुनी नावाच्या स्त्रीने. पण १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. मग त्या पुरुषांचे रंग आणि केशरचना बघून बायका नटू लागल्या. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरोघरी होत होती, तसंच!

नवं नाटक आलं, की नटांची चित्रं छापून विकली जात. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरी, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि छापणारा हाताने घासून कागदावर उतरवी. सामान्य माणसाला परवडणारी ही चित्रं. नाटक पाहून आलेल्याने हौसेने घ्यावीत, भिंतीवर लावावीत. शाराकूने जेमतेम दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रं केली. लुगड्याआडचा पुरुष तो लपवत नसे, म्हणून तर मावशींना गालफाडं दिसली! पुढे युरोपातल्या संग्राहकांनी अशी चित्रं जमवली. १९१० मध्ये युलिउस कुर्ट या जर्मन अभ्यासकाने शाराकूवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्याचं नाव जगभर झालं.

हे सगळं मी मावशींना सांगितलं, तर त्या गप्पच झाल्या. कारण होतं. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून मानधन मिळतं. त्यासाठी आम्ही त्यांचा अर्ज भरत होतो. कामाचा पुरावा हवा होता. बावीस वर्षं काम करूनही मावशींकडे एक कागद नव्हता. ‘‘रातभर उभी राहून बोलली, त्याचा का पुरावा जी?’’

‘‘पोस्टर असतील ना?’’

‘‘होते पेटीभर. पोरीले पाहुणे पाहाले येनार होते, तवा मीच चुलीत घातले.’’

नाटकवाल्या बाईची मुलगी म्हणून सोयरीक मोडू नये, एवढीच त्यांची भीती. ज्या गावाने रात्रभर टाळ्या वाजवल्या, त्याच गावाची ही भीती!

मग गटातल्या बायका कामाला लागल्या. महिनाभरात चार गावं विचारून झाली. नाटक मंडळात असलेल्या एका निवृत्त गुरुजींच्या ट्रंकेत दोन पोस्टर सापडले. एकावर तारीख होती, पण साल नव्हतं. दुसऱ्यावर गुरुजींनी मागच्या बाजूला साल लिहून ठेवलं होतं. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा चेहरा, खाली ठळक नाव. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. ‘‘केवढीशी वो मी!’’ एवढंच म्हणाल्या. अर्ज आता गेला आहे. मानधन मिळेल तेव्हा मिळेल, पण त्या दिवशी घरी जाताना मावशींनी एका पोस्टरची झेरॉक्स मागून नेली, लेकीला दाखवायला.

आज झाडीपट्टीत बाईची भूमिका बाईच करते. तिचा फोटो पोस्टरवर मोठा असतो. पण दुसऱ्या आठवड्यात त्यावर दुसरं पोस्टर चिकटतं. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सारी झाडीपट्टी हरखली. त्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बायकांची मात्र साधी नोंदही कुठे सापडू नये?

मैत्रिणींनो, यंदा तुमच्या गावात नाटक झालं, की एक पोस्टर घरी आणा. मागे गाव आणि साल लिहा. त्यातल्या बायकांची नावं विचारून घ्या आणि लुगड्याच्या घडीत ठेवून द्या. आपल्या बायकांची किंमत कुणी परक्याने येऊन करायची वाट कशाला पाहायची?