उस्मानाबादला कळलेलं, जर्मनीला उशिरा पटलेलं

नोव्हेंबर २०२४मध्ये बर्लिनमधलं युतीचं सरकार कोसळलं आणि २०२१च्या युतीकरारातलं एक वचन तसंच राहिलं: उपचारांसाठी लागणाऱ्या दुभाष्याचा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलेल. याचा राग माझ्या मनातून जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञासमोर आईचं दुखणं शाळकरी मुलगा जर्मनमध्ये सांगतो, हे मी पाहिलंय. तो लाजून रक्तस्रावाचं गाळतो आणि निदान तिथेच लांबतं.

निदान वेळेत व्हावं म्हणून पश्चिम जर्मनीत १९७१मध्येच कर्करोगाची तपासणी विम्यात आली. २००५पासून पन्नाशीपुढच्या बायकांना मॅमोग्राफीचं बोलावणं घरी येऊ लागलं. जातात साधारण निम्म्याच.

मला बोलायचंय ते २००९नंतरच्या दशकाबद्दल. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, आणि खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. तपासणी न मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या ६४ जणी मला अजून बोचतात. इतकी किंमत मोजून मिळालेला पुरावा जगाने लगेच वापरायला हवा होता.

या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवून २००८चं नोबेल मिळवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन जर्मनच. तरीही त्यांच्या देशात नेहमीच्या तपासणीत ही चाचणी विम्याबाहेरच राहिली. दवाखान्यात एक कागद पुढे यायचा: हवी असेल तर स्वतःच्या पैशाने करा. दोन पगारांच्या घरातल्या आम्ही सही करायचो. पहाटे ऑफिसं पुसणारी, मिनीजॉबवर, म्हणजे तुटपुंज्या पगाराच्या छोट्या कामावर, घर चालवणारी बाई तो कागद परत द्यायची. एकाच खुर्चीवर बसलेल्या दोघींना दोन वेगळ्या तपासण्या, आणि त्याला नाव काय, तर निवडीचं स्वातंत्र्य! १ जानेवारी २०२०ला पस्तिशीपुढच्या बायकांसाठी दर तीन वर्षांनी ही चाचणी विम्यात आली. मधली अकरा वर्षं कुणी भरून देणार नाही.

आणि मॅमोग्राफीचं बोलावणं आजही नोंदलेल्या पत्त्यावरच जातं. कागदपत्रांविना राहणाऱ्या बाईला ते येत नाही. छातीत गाठ हाताला लागली, तरी खर्च मागायला ती समाजकल्याण कार्यालयाची पायरी चढत नाही, कारण तिची माहिती परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवणं तिथल्या कर्मचाऱ्यांना कायद्याने बंधनकारक आहे.