आधी कोठार, मग डॉक्टर

साथीच्या किंवा युद्धाच्या बातमीत आपल्याला डॉक्टर दिसतो. त्याच्या हाती वेळेवर सलाईन कसं पोचलं, हे सहसा दिसत नाही. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था डिसेंबर 1971 मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून उभी केली; 1999 मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. तिची खरी ताकद पाहायची तर फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेरिन्याकला, तिच्या कोठारात जायला हवं. औषधं, सुया, नळ्या, क्लोरीन, तंबू अशा सामानाचे तयार संच तिथे यादीबरहुकूम बांधून ठेवलेले असतात.

खोकी निघण्याआधी एक लहान पथक पाहणीला जातं. माणसं किती, पाणी कुठलं, ट्रक कुठवर जाईल, सरकारी परवानगी कोणाची लागेल आणि तिथले दवाखाने स्वतः किती पेलू शकतील, याचा अंदाज घेतल्यावरच मागणी नोंदवली जाते.

पटकीचंच उदाहरण घ्या. पन्नास किलो वजनाच्या अत्यवस्थ माणसाला तीन तासांत पाच लिटर सलाईन द्यावं लागतं. त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. असे शंभर रुग्ण आले, तर पहिल्या तीन तासांतच अर्धा टन सलाईन संपतं. शिवाय प्रत्येक रुग्णामागे दिवसाला सुमारे साठ लिटर पाणी लागतं. खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली असते. बाहेर काय गेलं ते मोजूनच पुढचं सलाईन ठरतं. हात धुवायला 0.05 टक्के क्लोरीनचं पाणी, फरशीला 0.2 टक्के. हे प्रमाण चुकलं, तर उपचारकेंद्रातूनच साथ पसरेल.

वजनाच्या या कोड्यावरचा मोठा तोडगा आपल्या उपखंडातला आहे. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून दिलं आणि ते पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शेकडा तीसच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. आज जलसंजीवनीची वीसेक ग्रॅमची पुडी लिटरभर पाण्यात कालवली की काम होतं. गिळू शकणाऱ्या रुग्णाला ती, अत्यवस्थ रुग्णाला सलाईन, ही वाटणी नीट झाली तर पटकीने शंभरात एकही मृत्यू होऊ नये, अशी अपेक्षा धरता येते.

या कामातली बहुतेक माणसं त्याच देशातली असतात. भाषा, वाटा आणि कोणाच्या शब्दाला गावात मान आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. बाहेरून आलेला डॉक्टर काही महिन्यांनी परततो. ती तिथेच राहतात. म्हणून त्यांचं प्रशिक्षण हाही योजनेचा कणाच.

या साऱ्याला पैसा लागतो, तोही संकटाच्या आधी. 2004 च्या त्सुनामीनंतर देणग्यांचा ओघ लागला, तेव्हा या संस्थेने जानेवारी 2005 च्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की त्सुनामीसाठी पुरेसे पैसे जमले आहेत. दात्यांनी आपली रक्कम इतर संकटांसाठीही वापरू द्यावी, अशी विनंती तिने केली. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे आणि त्यात दात्यांसाठी धडाही आहे. पडद्यावर आक्रोश दिसल्यावर दिलेली मदत मोलाचीच. पण कुठलीच बातमी नसताना, अट न घालता दिलेल्या पैशातून कोठार भरतं. त्या भरलेल्या कोठाराच्या भरवशावरच डॉक्टर विमानात बसतो.