तपोवनांतील वृक्ष आणि नागरिकांची हरकत

नाशिकच्या पंचवटीहून पूर्वेस गेलें म्हणजे गोदावरी व कपिला यांच्या संगमाजवळ तपोवन लागतें. लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक येथेंच कापलें व त्यावरून गांवास नाशिक हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. यात्रेकरूंस हें तीर्थ. नाशिककरांस मात्र हीच सकाळीं फिरावयास जाण्याची व उन्हांत विसांवण्याची जागा.

दर बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो, तेव्हां वैष्णव आखाड्यांच्या साधूंसाठीं ह्याच भागांत साधुग्राम वसतें. २०१५ सालीं तें वसलें होतें. २०२७ च्या पर्वण्यांची तयारी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील सुमारें १,८०० वृक्षांविषयीं नोटीस काढली. कांहीं वृक्ष तोडावयाचे, कांहींचें पुनर्रोपण करावयाचें, असा तो प्रस्ताव होता. शेंकडों नागरिकांनीं लेखी हरकती दिल्या. अभिनेते सयाजी शिंदे यांनींही उघड विरोध केला.

साधूंस निवारा हवा, याविषयीं वाद नव्हता. वाद होता तो मोबदल्याविषयीं. तोडलेल्या वृक्षांच्या कितीतरी पट नवीं झाडें लावूं, असें शासनाच्या वतीनें सांगण्यांत आलें. परंतु हा हिशेब संख्येनें पुरा होत नाहीं. जुन्या चिंचेची सावली दहा रोपें मिळूनही देत नाहींत. रोप जगवावयास पहिले कांहीं उन्हाळे पाणी व राखण लागते; तें दुसरीकडे लावलें तर नदीकांठची सावली नाहींशीच होते. मोठा वृक्ष उपटून दुसरीकडे लावतांना अन्नपाणी शोषणारीं बारीक मुळें बहुतांशीं तुटतात. शिवाय साधुग्राम कांहीं महिन्यांचें असतें. वृक्ष मात्र पुढील कित्येक सिंहस्थांस पुरतो. तेव्हां राहुट्या वृक्षांच्या मधून मांडतां येतील काय, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. तपोवन ह्या शब्दांत तप आहे, तसें वनही आहे.

जागा आपल्या मालकीची नसतां नागरिकांस बोलण्याचा हक्क काय, असें कोणी विचारील. बंगळूर येथें उद्यानासाठीं राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहास देण्यांत आली, तेव्हां रहिवासी न्यायालयांत गेले. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें देणें बेकायदेशीर ठरविलें आणि उद्यानासाठीं दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रांत तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्याप्रमाणें शहरांतील वृक्ष तोडण्यापूर्वीं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते व लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस वारसा वृक्षांचें विशेष संरक्षण मिळालें. तपोवनाच्या प्रकरणांत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणें येथील पीठानें डिसेंबर २०२५ मध्यें वृक्षतोडीस अंतरिम स्थगिती दिली.

अशी स्थगिती कायमची नसते. म्हणून हरकत मोघम असूं नये. कोणता वृक्ष, कोणत्या जातीचा, कोठें उभा, वय अंदाजें किती, आणि तो राखून काम कसें होईल, इतकें मुदतींत लिहून द्यावें. घोषणा हवेंत विरते. नोंदलेल्या हरकतीस उत्तर द्यावें लागतें. आणि असें लिहितां यावें म्हणून आपल्या शेजारचा वृक्ष नोटीस लागण्यापूर्वींच ओळखीचा असला पाहिजे.