स्कोअरशीट जाते कुठे?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अक्रन नावाचे शहर आहे. तिथल्या सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या शाळेत शिकत असताना लेब्रॉन जेम्सने बास्केटबॉलमध्ये चार वर्षांत २६५७ गुण केले. २००३ साली तो एनबीएत गेला, त्याच्या आधीची ही गोष्ट. आज कुणालाही हा आकडा दोन मिनिटांत सापडतो. लेब्रॉन मोठी आसामी, म्हणून त्याला बाजूला ठेवू. पण तिकडे कॉलेजच्या संघात राखीव म्हणून बाकावर बसणाऱ्या पोरासोरांचीही ओळख लिहिलेली असते आणि तिच्यात शाळेतल्या खेळाचा वेगळा परिच्छेद असतो. कोणत्या शाळेकडून खेळला, सामन्यामागे सरासरी किती गुण, किती रिबाउंड, घरात आणखी कोण खेळायचे, शाळा कुठल्या फेरीपर्यंत पोचली. एकोणीस वर्षांच्या मुलाचे चरित्र आणि तेही आकडेवारीसह.

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या, कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीबद्दल असा परिच्छेद लिहायला बसलो, तर हाताशी काय लागते? एक प्लॅस्टिकची फाईल. तिच्यात पारदर्शक पाकिटांत सरकवलेली प्रमाणपत्रे. तालुकास्तर, जिल्हास्तर, नशीब जोरावर असेल तर विभाग. प्रत्येकावर मुलीचे नाव, शाळेचे नाव, खेळ, वयोगट, ठिकाण, तारीख आणि 'प्रथम', 'द्वितीय' किंवा नुसतेच 'सहभाग'. खाली सही-शिक्का. तिने त्या दिवशी वीस गुण केले की बाकावर बसून बाटल्या सांभाळल्या, हे या कागदावरून कळण्याची सोय नाही. अंतिम सामना एका गुणाने जिंकला की तीस गुणांनी, तेही नाही.

गंमत अशी की हे सगळे त्या दिवशी लिहिले गेलेले असते. बास्केटबॉल हा लिहून खेळायचा खेळ आहे. मैदानाच्या कडेला टेबल असते, टेबलाशी स्कोअरर. त्याच्यापुढे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्याची स्कोअरशीट. तिच्या उजव्या भागात १ ते १६० आकडे दोन्ही संघांसाठी आधीच छापलेले. बास्केट पडली की स्कोअरर संघाच्या नव्या गुणसंख्येवर तिरपी रेघ मारतो आणि शेजारच्या घरात बास्केट टाकणाऱ्या खेळाडूचा नंबर लिहितो. फ्री थ्रो असेल तर रेघेऐवजी ठसठशीत टिंब. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून टाकलेला तीन गुणांचा चेंडू असेल तर त्या नंबराभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने. डाव्या बाजूला खेळाडूंची नावे आणि प्रत्येकीपुढे फाऊलची पाच घरे. पाचवे भरले की ती बाहेर. नीट भरलेली शीट हातात घेतली तर न पाहिलेला सामना डोळ्यांपुढे उभा राहतो. सात नंबरची मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्ये गप्प होती, तिसऱ्यात पेटली, चौथ्यात पाचव्या फाऊलवर गेली आणि तिथून संघ घसरला, हे शाईच्या रंगावरूनही वाचता येते.

नियमाने या शीटची एक प्रत आयोजकांकडे, एक विजेत्या संघाला आणि शेवटची पराभूत संघाला जाते. तालुक्याच्या सामन्याला कधी छापील शीट असते, कधी वहीचे आखलेले पान. दोन्हींचे पुढे होते एकच. निकाल क्रीडा कार्यालयाला कळवला, संघ पुढच्या फेरीसाठी पक्का झाला, की कागदाचे काम संपले.

याचे खापर पीटीच्या सरांवर फोडू नये. बऱ्याच शाळांत हाच माणूस कबड्डी, खो-खो, अॅथलेटिक्स आणि पंधरा ऑगस्टची कवायत सांभाळतो, वर निवडणुकीचे काम येते ते निराळे. खरे कारण स्पर्धांच्या घडणीत आहे.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे वरच्या फेऱ्यांना पोचतात. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा अशी पायऱ्यांची उतरंड. सांघिक खेळ बहुतेक बाद पद्धतीने. तालुक्यात बास्केटबॉलला चार शाळांचे संघ उतरले तर दोन सामने जिंकले की तालुका अजिंक्यपद. दोनच उतरले असते तर एकाच सामन्यात. हरलेल्या शाळेचे वर्ष तासाभरात आटोपते. चार क्वार्टर, दहा-दहा मिनिटांचे, आणि पुढचा अधिकृत सामना पुढच्या पावसाळ्यात. अमेरिकेतली शाळा एका हंगामात वीस-पंचवीस सामने खेळते. सरासरी काढायला तिथे काहीतरी असते. इकडे दोन सामन्यांची सरासरी काढून करायचे काय?

पुणे जिल्ह्यात आणखी एक मेख आहे. शालेय स्पर्धांपुरते पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण असे तीन वेगवेगळे जिल्हे धरतात. बारामती आणि इंदापूर ग्रामीणमध्ये. म्हणजे या मुलींची गाठ आधी शिरूर, दौंड, जुन्नर, भोर इकडच्या संघांशी पडते. शहरातल्या संघाशी पहिली भेट थेट विभागात. तिथे पुणे आणि पिंपरी-चिंचवड तर असतातच, शिवाय अहिल्यानगर आणि सोलापूरही. पुण्यातली मुलगी डेक्कन जिमखान्यासारख्या १९०६ साली निघालेल्या क्लबच्या कोर्टावर, मोठ्या वयाच्या खेळाडूंबरोबर वर्षभर संध्याकाळी खेळत असते. इंदापूरची मुलगी पहाटे निघून एकशे तीसहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून पोचते आणि आयुष्यात पहिल्यांदा फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अख्ख्या मैदानभर अंगावर येणारा बचाव, काय असतो ते पाहते. चेंडू मध्यरेषेच्या पलीकडे न्यायला नियमाने आठ सेकंद असतात. ती आठ सेकंद संपतात, पुन्हा संपतात. गुणफलक पाहवत नाही. पण प्रमाणपत्रावर येते 'विभागस्तर सहभाग', आणि गावात फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सची मी टिंगल करणार नाही. पुढच्या वर्षी चार मुली जास्त येतात त्या तो पाहूनच.

या भागाचा पिंड मुळात बास्केटबॉलचा नाही. मातीत खेळता येईल असे खेळ इथे आपोआप रुजले: कुस्ती, कबड्डी, खो-खो. बेलवाडीच्या माळावर तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीला मोकळ्या जमिनीचे मोल कळते. बास्केटबॉलला मात्र २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद कडक, सपाट तळ लागतो आणि बरोबर ३.०५ मीटर उंचीवर न डगमगणारी रिंग. म्हणजे सिमेंट, लोखंड आणि कोणीतरी पैसे घालणारा. त्यामुळे हा खेळ जिथे संस्था आहेत तिथे पोचला. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चे, विद्या प्रतिष्ठान १९७२ चे. इंदापुरात वालचंद हिराचंदांनी वसवलेले वालचंदनगर आणि भवानीनगरसारखे साखर कारखान्यांचे परिसर. पैसा आणि हौस दोन्ही असली की काय होते, ते बारामतीने क्रिकेटमध्ये पाहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला. बास्केटबॉलच्या वाट्याला तसे कौतुक आलेले नाही.

आणि हा खेळ जन्मलाच मुळी संस्थेच्या आवारात. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या व्यायामशाळेत जेम्स नेस्मिथने सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून विद्यार्थ्यांना कामाला लावायची ती युक्ती. भारतातही तो वायएमसीएच्या हातूनच फोफावला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली, देशाची संघटना १९५० मध्ये आली आणि ऑलिंपिकला आपला पुरुष संघ एकदाच, १९८० साली मॉस्कोला, गेला.

खेड्यातून वर जाण्याची वाट कशी असते याचे उदाहरण हवे तर पंजाबकडे पाहावे लागते. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. शेतकऱ्याचा मुलगा, उंची पुढे सात फूट दोन इंच भरली. लुधियानाच्या अकादमीत तो लहानपणीच दाखल झाला. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला, इंग्रजीचा गंध नसताना. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे उत्तेजकांच्या चाचणीत अडकून बंदी आली आणि नंतर तो व्यावसायिक कुस्तीच्या तमाशात शिरला. म्हणून मी ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. मुद्दा एवढाच की त्याला बाहेर काढले ते उंचीने. ती दुरून दिसते, तिची नोंद कुणी ठेवावी लागत नाही. पाच फूट चार इंचांच्या, चेंडू उत्तम खेळवणाऱ्या गार्डला हा मार्ग नाही. तिची करामत एक तर कुणी तरी स्वतः पाहायला हवी, नाही तर लिहून ठेवायला हवी.

पाहणारे डोळे घरातच असले तर गोष्ट वेगळी. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली पुण्याची शिरीन लिमये ही नीलिमा लिमये यांची मुलगी. आई स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक. दुसरा मार्ग सरकारी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेऊन उभा राहिला. पण नेमबाजीत प्रत्येक गोळीचा गुण छापून हातात येतो. पुढच्या निवडीला तोच पुरावा. सांघिक खेळातल्या मुलीकडे असा पुरावा नसतो, संघाचा नंबर असतो.

जुन्या काळी तरी वेगळे होते का? कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ शिकलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या, जर्मनीच्या कोणत्या मल्लाला पाडले आणि सुवर्णविजेत्या जपानी शोहाची इशीशी त्यांची कुस्ती झाली, हे नावानिशी सांगता येते, कारण ऑलिंपिकने ते लिहून ठेवले. टिळक हायस्कूलच्या मैदानावरचे खाशाबा आपल्याला आठवणींतून भेटतात. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकले, ही गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. आपण गोष्टी जपतो, तक्ते जपत नाही.

नोंद फक्त 'स्तरा'ची का ठेवली जाते, याचे रोखठोक उत्तर मात्र फाईलमध्येच आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५, आणि ते स्पर्धेच्या पातळीवर ठरतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे. तिथेही पडताळणी होते ती स्पर्धेची, पातळीची आणि क्रमांकाची. ऊसतोड, दूधधंदा आणि दोन-चार एकरांवर चालणाऱ्या घरात मुलीला रोज संध्याकाळी दीड तास मैदानावर सोडण्यासाठी आई-बापाला पटणारे कारण तेच. त्यांचे काही चुकत नाही. पण व्यवस्था ज्याला मोल देते त्याचीच पैदास होते. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याचे प्रकरण गाजले, ते या कागदाच्या भावामुळेच. स्कोअरशीट कोणी बनावट छापत नाही, कारण तिला बाजारात किंमत नाही.

अकरावीला चित्र पुन्हा बदलते. शाळा सुटते, जुना संघ फुटतो. कोणी सायन्सच्या क्लाससाठी बारामतीत खोली घेते, कोणी पुण्याला जाते, कोणाचे लग्न ठरते. दहावीपर्यंत एका शाळेच्या बारा मुली असतात, कॉलेजला पोचेपर्यंत त्यांतल्या दोन-तीन खेळत्या राहिल्या तरी खूप. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा. त्याही आधी विभागवार, मग आंतरविभागीय, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. निवड चाचणीला उभी राहिलेली मुलगी काय सांगणार? 'शाळेत विभागापर्यंत खेळले.' समोरचे निवडसमितीवाले मान डोलावतात आणि दहा मिनिटांच्या खेळावर ठरवतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. यजमान शाळेने सामना संपल्यावर शीटचा मोबाईलवर फोटो काढून तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, तरी तीन वर्षांत या भागातल्या प्रत्येक मुलीची शाळेतली कारकीर्द जुळवता येईल. एका शिक्षकमित्राला हे सांगितले तर तो हसला. म्हणाला, आधी जर्सीचे बघा. बहुतेक शाळांत बास्केटबॉलचा एकच जोड, चार ते पंधरा नंबरांचा. सकाळी चौदा वर्षांखालच्या मुली घालतात, दुपारी त्याच घामेजलेल्या जर्सी सतरा वर्षांखालच्यांच्या अंगावर. सकाळची सात नंबर दुपारी कुणी तरी दुसरीच असते. उद्या धुतल्यावर जिला जी बसेल ती तिची. म्हणून त्याची मागणी साधी आहे: प्रत्येक वयोगटाला वेगळा जोड, आणि पाचवीत मिळालेला नंबर दहावीपर्यंत त्याच मुलीचा.