बुटाला आरशासारखी चमक येते कशी?

१७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन किंवा २६ जानेवारी जवळ आला, की धाराशिव जिल्ह्यात बुटांची तयारी सुरू होते. पोलीस, होमगार्ड, एनसीसीची मुलं, तुळजापूरच्या सैनिकी विद्यालयाचे विद्यार्थी अशा सगळ्यांनाच संचलनात लखलखीत बूट लागतात. पुष्कळ मुलं तेव्हा पॉलिशची अर्धी डबी एकदमच चोपडतात आणि बूट चिकट, मळकट होऊन बसतो. त्यामुळे चमक मुळात येते कशी, हे आधी समजून घेऊ.

कातडं वरून गुळगुळीत वाटलं, तरी त्यावर केसांची छिद्रं, बारीक रेघा आणि उंचवटे असतात. अशा खडबडीत भागावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि बूट मंद दिसतो. हे खळगे मेणाने भरून पृष्ठभाग सपाट झाला, की प्रकाश एका दिशेने परततो आणि बुटात चेहरा दिसू लागतो. या जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेणाऱ्या उस्मानाबादी शेळीचं कातडं पाहा. शेळीच्या कातड्यावर दाणे ठळक असतात, म्हणून ते आरशासारखं करायला जास्त थर लागतात. संचलनाच्या बुटाचं जाड, गुळगुळीत कातडं त्या मानाने लवकर साथ देतं.

डबीतलं पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि टर्पेंटाइनसारखा द्रव. चांगल्या पॉलिशमध्ये बहुधा कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गी झाडाच्या पानांवरचं मेण असतं. मधमाश्यांचं मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. ते कडक असल्यामुळेच घासल्यावर झळाळतं. पॉलिश लावल्यावर द्रव उडून जातो आणि मेण उरतं. झाकण उघडं राहिलं तर डबीतल्या पॉलिशला भेगा पडतात, त्याचंही कारण हेच.

आता कृती. लेस काढा. ब्रशने धूळ झटका, शिवणीत आणि तळाच्या कडेला अडकलेली मातीसुद्धा. ओलसर कापडाने पुसून बूट सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवू नका, त्याने कातडं कडक होऊन तडकतं. मग संपूर्ण बुटाला पॉलिशचा पातळ हात द्या, दहा मिनिटं थांबा आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने भराभर घासा. रोजच्या वापराला एवढं पुरतं.

आरशाची चमक हवी असेल, तर खरं काम इथून पुढे आहे. जुन्या सुती बनियनचा किंवा धोतराचा मऊ तुकडा दोन बोटांवर ताणून गुंडाळा. सुरकुती राहिली तर मेणावर ओरखडे उठतात. बोटं पॉलिशला जेमतेम टेकवा, बुटाच्या टोकावर लहान लहान गोल फिरवा आणि पाण्याचा एखादाच थेंब टाका. पाण्यामुळे कापड आधी बसलेलं मेण उचलत नाही, वरून सरकत राहतं. सुरुवातीला बूट धुरकट दिसेल. घाबरू नका, हात हलका ठेवून फिरवत राहा, धुरकटपणा जाईल. मग पुन्हा चिमूटभर पॉलिश, पुन्हा थेंबभर पाणी. अंगण सारवताना जाड थर दिला तर तो पोपडे धरतो, पातळ हात मात्र एकमेकांवर नीट बसतात. मेणाचंही तसंच आहे.

हे सगळं फक्त टोकाला आणि टाचेला करायचं. तिथे आत कडक अस्तर असल्यामुळे कातडं वाकत नाही. बोटांच्या सांध्यापाशी बूट प्रत्येक पावलाला मुडपतो; तिथे मेणाचा जाड थर दिला, तर पहिल्याच कवायतीत तो तडकेल. बाटलीतलं झटपट पॉलिश लगेच चकाकतं खरं, पण त्याच्या वरच्या पापुद्र्यावर अशी चमक चढवता येत नाही.

एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या गटई कामगारांकडे ही हातोटी वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली असते. पॉलिश किती घ्यायचं आणि ब्रश कधी टेकवायचा, हे ते मेणाची ओल बघून ठरवतात. त्यांच्यासमोर दोन मिनिटं थांबून त्यांचा हात बघा, आणि मोबदला देताना घासाघीस करू नका. एकदा चढलेली चमक सांभाळणं सोपं असतं: बूट वापरल्यावर मऊ कापडाने धूळ पुसायची, आणि पुढच्या संचलनाआधी एक-दोन पातळ हात द्यायचे.