बोराचे कलम घेताना

उसाच्या पत्रिकेत बोराचे काय काम, असे कोणी विचारील. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. अशा साली विहीर आटली की ऊस वाळतो. बोर मात्र उन्हाळ्यात पाने टाकून निमूट उभी राहते. कंधार, मुखेडकडच्या मुरमाड माळाला ती साजते. १९९० सालच्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतही बोर होती.

आमच्याकडे तक्रार येते ती एकच. उमराण म्हणून कलम आणले, आणि लागली आंबट, गोटीएवढी बोरे! दर वेळी वाण खोटे असते असे नाही. डोळा मरतो, खालचा गावठी खुंट फुटतो, आणि आपण त्यालाच पाणी घालत बसतो. म्हणून आधी जोड शोधा. जोडाखालून फुटलेली, दाट काट्यांची, बारीक पानांची फांदी दिसली की लगेच काढा. पानाची खालची बाजू पांढुरकी दिसली म्हणून फसू नका, ती दोघांचीही तशीच असते.

फळावरून ओळख सोपी. उमराण लांबट-अंडाकृती, चकचकीत. पिकताना सोनेरी, फार पिकले की चॉकलेटी. गोला नावाप्रमाणे गोल, आणि उमराणच्या आधी येतो. जळगावचे मेहरुण लहान, टोकदार, पण गोडीला कोणाला हार जाणार नाही. ॲपल बोर हिरवे, मोठे. चवीला आम्हाला तरी पाणचटच वाटते.

मोठ्या फळाला बाजारात सरसकट 'हायब्रीड' म्हणतात, ते खरे नव्हे. संकर म्हणजे दोन वाणांचे मुद्दाम लावलेले लग्न. बिकानेरच्या केंद्रीय संस्थेने काढलेले 'थार सेविका' हे सेब आणि काठा यांचे तसे अपत्य. उमराण, मेहरुण हे निवडीने टिकवलेले जुने वाण. आठळी पेरून यातले एकही हुबेहूब मिळत नाही, डोळाच भरावा लागतो.

फसलेले झाड उपटू नका. एप्रिल-मेमध्ये छाटा, नवा फुटवा जोमाचा येऊ द्या आणि जून-जुलैत त्यावर डोळा भरून घ्या. डोळकाडी मात्र ज्याची बोरे आपण स्वतः खाल्ली त्याच झाडाची आणा. संक्रांतीला पोराच्या बोरन्हाणासाठी बोरे तोडाल, तेव्हाच त्या झाडाला चुन्याची खूण करून ठेवा.